स्टे आला म्हणजे बातमी खोटी ठरली का?

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येऊन राहिला: "भाऊ, कोर्टानं स्टे देला म्हणजे बातमी खोटीच होती ना?" नाही बाप्पा! आज तेवढंच बोलतो.

तुम्ही ज्याला स्टे म्हणता तो मनाई हुकूम, म्हणजे 'हे छापू नका, दाखवू नका' असा कोर्टाचा आदेश. पुढारी मागतात, कंपन्या मागतात. हे सगळ्यांना माहीत आहे.

गोम आहे एकतर्फी हुकमात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम ३ सांगतो की आधी समोरच्याला नोटीस द्या. उशिरानं हेतूच बुडणार असेल तर नोटीस टाळता येते, पण कारणं लिहावी लागतात. म्हणजे त्या दिवशी टेबलावर कागद एकाच बाजूचे. तुमचे कोणी उघडलेच नाहीत, मग खोटं ठरलं कुठून?

माझंच सांगतो. गावच्या रस्त्याच्या कामावर बातमी केली होती. डांबराचा थर मोजपट्टी लावून दाखवला, बोटभरही नव्हता. संध्याकाळी अंगणात कापूस मोजून राहिलो होतो, तेवढ्यात कोर्टाचा बेलिफ असाच एकतर्फी हुकूम घेऊन आला. व्हिडिओ काढावा लागला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक म्हणे, "खोटा निघाला." अरे, माझं म्हणणं तर अजून कोणी विचारलंच नव्हतं! वकिलानं त्याच आदेश ३९ च्या नियम ४ खाली हुकूम उठवायचा अर्ज केला, मग तारखा. तोवर पावसाळा आला अन् रस्ताच वाहून गेला.

सर्वोच्च न्यायालयानं २२ मार्च २०२४ ला ब्लूमबर्ग-झी प्रकरणात हेच धरलं. ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था, तिनं झी या टीव्ही कंपनीवर केलेली बातमी काढायचा हुकूम झाला होता. खटल्याआधीची मनाई त्या मजकुराला 'मृत्युदंड' ठरू शकते, असं म्हटलं. असा हुकूम अपवाद म्हणूनच द्यावा. खालच्या कोर्टाचा अन् दिल्ली उच्च न्यायालयाचा, दोन्ही आदेश रद्द केले.

एका ताईनं विचारलं, खरंच बदनामी झाली तर? रास्त प्रश्न. नुकसानभरपाईचा दावा करता येतो, अन् तिथं दोन्ही बाजू ऐकल्या जातात. मी तेच मागतो.

आता पत्रकार पोरांसाठी. दावा येईल असं वाटलं तर त्याच संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट टाका, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. ९० दिवस चालते, मग नवी टाका. पण तिची नोटीस समोरच्याला टपालानं जाते, म्हणजे बातमी येते आहे हे त्याला आधीच कळतं. शिवाय दावा दुसऱ्या कोर्टात टाकला तर तिथं ती कामाची नाही. म्हणून टाकायच्या आधी वकिलाला विचारा, की हा दावा कोणकोणत्या कोर्टात येऊ शकतो.