टीचरला काय माहीत नसतं

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात पालकांसमोर केलेलं भाषण. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त माइकची खरखर आणि मधली प्रश्नोत्तरं काढली आहेत.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते या की पुढे, खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि घाबरू नका, टीचर असले तरी मी कुणाला उभं करून प्रश्न विचारणार नाहीये.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, सात-आठ वर्षांची मुलं असतात माझ्याकडे. मंडळात आले की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, अगं आमच्याकडून नक्की काय अपेक्षा असते शाळेची? विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा बघितल्यात मी. एकांना वाटतं आपण शाळेत सारखं दिसलं पाहिजे, प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक ट्रिपला, नाहीतर टीचरला वाटायचं की यांना मुलाचं काही पडलेलंच नाही. आणि दुसरे म्हणतात शिकवणं हे शाळेचं काम, आपण कशाला लुडबुड करा, आपले आई-वडील कधी शाळेची पायरी चढले होते का, तरी झालोच ना आपण मोठे. मला दोघांनाही एकच सांगायचंय, की मुलाबद्दल निम्मं तुम्हाला माहीत असतं आणि निम्मं आम्हाला, आणि हे दोन निम्मे भाग वेळेवर एकमेकांपर्यंत पोचले की अर्धी लढाई तिथेच संपते. स्टॉल लावणं, बॅनर रंगवणं, ट्रिपला सोबत जाणं हे सगळं छानच आहे, जमत असेल तर जरूर करा, पण दोघंही नोकरी करता आणि नाही जमत, तर त्याची बोच मनाला लावून घेऊ नका.

आता टीचरला काय माहीत नसतं ते सांगते. एक मुलगी सकाळपासून जांभया देतेय, पेन्सिल हातात धरून खिडकीबाहेर बघतेय. मला दिसतं एवढंच. मी काय समजणार? की हिचं लक्ष नाही, किंवा हिला हे समजत नाहीये. घरी काय झालंय, तर तिची आजी सहा महिने राहून काल रात्रीच्या विमानाने परत गेली, सगळे एअरपोर्टवर होते, झोपायला बारा वाजले. तुम्हाला ते इतकं उघड असतं की टीचरला कळवायचं डोक्यातच येत नाही. पण दोन ओळींचा ईमेल पुरतो: ‘तिची आजी काल परत गेली, दोन-तीन दिवस ती गप्प असेल. काळजीचं काही नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं.’ बस. असा ईमेल आला की मी त्या दिवशी तिला फळ्यापाशी बोलावणार नाही, उलट वह्या वाटायचं काम देईन, म्हणजे तिचा दिवस निघून जाईल. नवीन बाळ आलं, घर बदललं, बाबांची नोकरी गेली, चष्मा लागला, जिवलग मैत्रीण शाळा सोडून गेली, हे सगळं याच खात्यात. तपशील द्यायची गरज नाही, घरचं सगळं बाहेर काढा असं मी म्हणत नाहीये, नुसतं ‘घरी सध्या थोडी गडबड आहे’ एवढं लिहिलंत तरी चालतं.

झोपेचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेने 2016 साली जी शिफारस केली त्यात 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी असं म्हटलंय. आपल्याकडे कार्यक्रम रात्री अकराला संपतात आणि मुलं तोवर स्टेजमागे पळत असतात, आजसुद्धा पळतायत. शनिवारी ठीक आहे हो. रविवारी नको.

आता उलट बाजू, आम्हाला माहीत असतं आणि तुम्हाला नसतं ते. घरी अखंड बडबड करणारा मुलगा वर्गात महिनोन्महिने तोंड उघडत नाही, असं फार वेळा होतं, विशेषतः घरात मराठी बोलणाऱ्या मुलांचं, आणि हे ऐकलं की आई-वडील घाबरतात आणि त्याच संध्याकाळपासून घरात मराठी बंद करतात. प्लीज असं करू नका. टोरोंटोचे जिम कमिन्स म्हणून अभ्यासक आहेत, दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांवर त्यांनी आयुष्यभर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलाला साधारण 2 वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा, म्हणजे धड्यातली, गणिताच्या उदाहरणातली, ती वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीला यायला 5 ते 7 वर्षं लागू शकतात. म्हणजे मैदानावर फाडफाड बोलणारा मुलगा शाब्दिक उदाहरण वाचून अडतो तेव्हा तो आळशीही नसतो आणि ढही नसतो. आणि घरात जी भाषा तुम्हाला चांगली येते त्याच भाषेत गप्पा मारा, गोष्टी सांगा, का आणि कसं ते विचारा, कारण एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही, फक्त तिचं नाव शिकावं लागतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘ईट फास्ट, गो स्लीप’ ऐकून मुलाची भाषा सुधारत नाही, हे जरा कडू वाटेल पण खरं आहे.

मग पेरेंट-टीचर मीटिंग. ही काही नवीन टूम नाही. इंग्लंडमध्ये 1967 साली प्राथमिक शाळांवर प्लाउडेन रिपोर्ट आला, त्यात पालकांच्या सहभागावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि शाळांनी निदान एवढं तरी करावं म्हणून जी यादी दिली होती त्यात मूल दाखल व्हायच्या आधी पालकांना भेटणं, वर्षातून शक्यतो दोनदा टीचरशी निवांत खाजगी बोलणं, असं सगळं होतं. आज बहुतेक शाळा हे करतात, पण निवांत शब्द राहिला बाजूला. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, बाहेर पुढचे पालक घड्याळ बघत बसलेले. आणि आपले लोक काय विचारतात? वर्गात कितवा येतो. शाळेत नंबर काढतच नाहीत, टीचर हसून म्हणते ‘ही इज डूइंग फाइन’, तुम्ही खूश, तीही खूश, मीटिंग संपली. हाती काय लागलं? काही नाही.

त्यापेक्षा तिला सांगा, मला त्याची एखादी वही दाखवा. वही समोर आली की बोलणं आपोआप खरं होतं. तो एकटा काय करू शकतो आणि कुठे मदत लागते? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? अडला की विचारतो का गप्प बसतो? वाचताना शब्द नुसते उच्चारतो का वाचलेलं त्याला सांगताही येतं? यातला शेवटचा प्रश्न तर नक्की विचारा, कारण आपली बरीच मुलं सुंदर, अस्खलित वाचतात आणि पान मिटल्यावर त्यात काय होतं ते सांगता येत नाही, आणि घरी वाचन ऐकून सगळ्यांना वाटतं की अरे वा. उठायच्या आधी एकच ठरवा, पुढचा महिना घरी काय करायचं आणि वर्गात काय, आणि महिन्याने त्याबद्दल ईमेल कोण करणार. आणि हो, तुमची भाषेची अडचण असेल तर दुभाषा मिळेल का ते शाळेला आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी सोय होते. मुलालाच दुभाषा करू नका. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःची तक्रार स्वतः भाषांतर करून सांगायची, त्यात किती गळणार तुम्हीच विचार करा!

गणितावरून घरात जी भांडणं होतात त्यावर मला थोडं जास्त बोलायचंय. बावन्न वजा सत्तावीस. बाबांनी शिकलेली हातच्याची वजाबाकी: बारातून सात गेले पाच, पाच दशकांचे राहिले चार, चारातून दोन गेले दोन, पंचवीस. एका मिनिटात काम. शाळेत मुलगी शिकून आलीय की एक रेघ काढायची, सत्तावीसपासून तीसपर्यंत 3 ची उडी, तीसपासून पन्नासपर्यंत 20 ची, तिथून बावन्नपर्यंत 2 ची, तीन अधिक वीस अधिक दोन, पंचवीस. बाबा म्हणतात हे काय रेघोट्या मारायला शिकवतात, सोड ते, माझ्या पद्धतीने कर. मुलगी म्हणते टीचर असं नाही करत. आवाज चढतो, वही ओली होते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत हो. उड्यांची रेघ यासाठी असते की वजाबाकी म्हणजे दोन आकड्यांमधलं अंतर हे मुलाला डोळ्याने दिसावं, आणि ते एकदा बसलं की हातच्याची पद्धत शाळाही बहुतेक वेळा पुढे शिकवतेच. तेव्हा बाबांनी एवढंच म्हणायचं, मला नाही येत हे, तू मला शिकव. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांनी शाळा आणि पालक या विषयावर खूप वर्षं काम केलंय, त्यांनी होमवर्कचा एक प्रकारच असा तयार केला की मुलाने शिकलेलं घरच्या मोठ्या माणसाला समजावून सांगायचं, मोठ्या माणसाने शिकवायचं नाही. समजावताना मूल कुठे अडखळतं ते ऐकलं की तुम्हाला कळतं काय समजलेलं नाही, आणि तेच टीचरला कळवायचं. चुका तुम्ही रात्री बसून दुरुस्त करून पाठवल्यात तर मला सकाळी सगळं बरोबर दिसतं आणि मी पुढचा धडा घेते. मग पुढच्या धड्यालाही तुम्हीच बसा.

होमवर्क किती असावा यावरही दर वर्षी वाद. हॅरिस कूपर यांनी होमवर्कवरचा बराच अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये मांडला, त्यात मोठ्या मुलांच्या बाबतीत होमवर्क आणि प्रगती यांचा संबंध चांगला दिसतो पण प्राथमिकच्या मुलांत तो फारच कमी दिसतो. ते स्वतः इयत्तेमागे 10 मिनिटं असा अंदाज देतात, म्हणजे तिसरीला अर्धा तास. त्यामुळे ‘शाळा काही होमवर्कच देत नाही’ म्हणून वर वर्कबुकं आणि दोन क्लास लावणारे जे आहेत, माझ्या ओळखीचे चेहरे दिसतायत मला, त्यांनी तो वेळ मुलाबरोबर पुस्तक वाचण्यात घालवला तर मी पार्टी देईन.

आता जरा अप्रिय. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीला पुढे-मागे दोन-दोन आठवडे जोडून देशात जाणं. मला कळतं, तिथे आजारी माणसं असतात, लग्नं असतात, चार वर्षांत भेट नसते, आणि त्याचंही मुलांना काहीतरी मिळतंच. पण बऱ्याच ठिकाणी वर्षातल्या शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के दिवस चुकले की ती काळजीची गैरहजेरी धरतात, मग कारण कितीही खरं असो. 180 दिवसांची शाळा धरली तर ते 18 दिवस, म्हणजे अशी एकच ट्रिप झाली की ते ओलांडलेच, सर्दी-ताप वेगळा. जायचंच असेल तर आधी सांगा आणि त्या काळात वर्गात नवीन काय सुरू होणार ते विचारा. ‘काय वर्कशीट देता’ हे विचारू नका, कारण त्या वर्कशीट बॅगेतून तशाच कोऱ्या परत येतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

शिकण्यात खरीच काही अडचण वाटली, अक्षरं लागत नाहीत, लक्ष टिकत नाही, तर आपले लोक वर्ष-वर्ष थांबतात. मुलगा आहे, जरा उशिरा समज येईल, आणि मग लोक काय म्हणतील. तपासणी करून घेतली म्हणून मुलावर शिक्का बसत नाही. तिसरी-चौथीपासून प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो, त्यामुळे तोवर वाचन बसलं नसेल तर विज्ञानही मागे पडतं आणि गणितही. शाळेला लेखी विचारा, तारीख घालून, तोंडी सांगितलेलं कॉरिडॉरमध्येच विरून जातं. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, पण लिहून आलेली गोष्ट शाळेला सहज टाळता येत नाही.

आणि शाळांनाही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल ही तिकडचीच वकील. बहुतेक घरांत शाळेचा फोन आला की काळजात धस्स होतं, कारण चांगलं सांगायला आम्ही फोन करतच नाही. जी टीचर वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक घरी एक चांगली गोष्ट कळवते तिचा पुढचा वाईट बातमीचा फोन पालक शांतपणे ऐकून घेतात, हे मी माझ्या शाळेत बघितलंय. मीटिंगा दुपारी अडीचला ठेवायच्या आणि मग म्हणायचं पालक येत नाहीत. चार पानी पत्रं पाठवायची, अर्ध्या शब्दांची आद्याक्षरं. गणिताची पद्धत बदलली तर एक संध्याकाळ पालकांना बोलावून दाखवा ना, निम्मी भांडणं वाचतील. हे मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही बोलते, तिथे टाळ्या इथल्यापेक्षा कमी पडतात.

तुमच्याकडून मात्र एक पथ्य. टीचरबद्दल राग असेल तर आधी तिला भेटा, मग प्रिन्सिपलला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरुवात करू नका, आणि जेवताना मुलासमोर तर नकोच, कारण ‘त्या बाईला काही येत नाही’ हे त्याने रात्री ऐकलं की सकाळी मी कितीही छान शिकवलं तरी तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो. मुलांच्या तोंडून घरातलं काय काय शाळेत येतं ते मी इथे सांगत नाही, तुम्ही परत मला बोलावणार नाही.

मंडळाकडे एक मागणं आहे आणि मग थांबते. ज्यांची मुलं प्राथमिक शाळा पार करून गेली आहेत अशा दोन-चार जणांनी रिपोर्ट कार्ड यायच्या दिवसांत, नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी एक तास बसावं. रिपोर्ट कार्ड कसं वाचायचं, टीचरला ईमेल कसा लिहायचा, मीटिंगची वेळ कशी मागायची, एवढंच. हे कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगी पडेल, माझ्यासकट. दाराशी टेबलावर कागद ठेवलाय, त्यावर नाव लिहा.

आता प्रश्न विचारा. फक्त ‘आमचा मुलगा ना’ने सुरू होणारे प्रश्न नंतर एकेकट्याने येऊन विचारा, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि सगळं ऐकतोय.