स्टेंट टाकण्याआधी चित्र हवंच

नमस्कार मंडळी. मी पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे. आज एका अशा शब्दाबद्दल बोलायचंय, जो रिपोर्टवर वाचला की घरच्यांची झोप उडते: पित्तनलिकेत 'स्ट्रिक्चर'. म्हणजे यकृतातून पित्त आतड्यात नेणारी नळी एके ठिकाणी अरुंद झाली आहे.

काही दिवसांपूर्वी एक ताई वडिलांची फाइल घेऊन आल्या. बाबांचे डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला सतत खाज, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका. पोटात मात्र दुखत नव्हतं. पहिले तीन आठवडे कावीळ उतरवण्यात गेले होते. ताई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, कॅन्सर आहे का, तेवढं सांगा."

हे आम्ही कशावरून ओळखतो?

एमआरसीपी नावाचा एमआरआय असतो. त्यात साठलेलं पाणी, पित्त वगैरे पांढरंशुभ्र दिसतं आणि बाकी सगळं काळं. काळ्या पडद्यावर पित्तनलिकांचं पांढरं झाड उभं राहतं. काही ठिकाणी या तपासणीआधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी काळं पडतं आणि मागची नळी झाकली जात नाही. मला ही युक्ती फार आवडते.

आता त्या झाडाची फांदी कुठे आणि कशी संपते, ते बघायचं. पेन्सिलीला टोक काढावं तशी नळी हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती होत असेल आणि अरुंद भाग आखूड असेल, तर साध्या आजाराकडे कल जातो: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचा व्रण, खड्यामुळे आलेली सूज, स्वादुपिंडाचा जुना दाह. पण तीच पेन्सिल मध्येच मोडल्यासारखी नळी अचानक तुटली, कडा खडबडीत असल्या, अरुंद भाग लांब असला, तर मी खुर्चीत पुढे सरकतो. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्ही एकदम फुगलेल्या दिसल्या तर स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे का, ते शोधायचं.

नुसता आकार बघून मात्र भागत नाही. नळीची भिंत बघावी लागते. त्यासाठी शिरेतून औषध देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. भिंत जाड असेल आणि यकृतापेक्षा जास्त उजळत असेल, तर संशय बळावतो. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये तंतुमय भाग बराच असतो, तो औषध सावकाश शोषतो. म्हणून काही मिनिटं थांबून पुन्हा फोटो घ्यायचे. घाईत हे उशिराचे फोटो राहून गेले तर फार वाईट वाटतं.

ताईंच्या बाबांना दुसरीकडे आधीच स्टेंट, म्हणजे अरुंद जागा उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला होता. स्टेंट टाकला की पित्ताला वाट मिळते, फुगलेली नळी मिटते आणि भिंतीला सूज येते. मग ती जाडी गाठीची की स्टेंटची, हे सांगणं अवघड होऊन बसतं. म्हणून कळकळीने सांगतो, स्टेंटआधी स्कॅन करून घ्या. थंडी वाजून ताप येत असेल, रुग्णाला ग्लानी येत असेल, तर मात्र थांबू नका. तिथे पित्ताला वाट करून देणं जीव वाचवतं.

ताईंच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तळाशी एक सीडी सापडली, स्टेंटच्या आधीच्या सीटीची. त्यात स्वादुपिंड फुगून गुळगुळीत झालेलं, भोवती बारीक किनार. मला आयजीजी४शी निगडित आजाराची शंका आली. यात शरीराची प्रतिकारशक्तीच अवयवांना सूज आणते. हा कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतो. रक्त तपासलं, एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून तुकडा काढला. कॅन्सर सापडला नाही. स्टिरॉइड सुरू झाली आणि बाबांची कावीळ ओसरली.

प्रत्येक घरी असं होत नाही, हे मला रोज दिसतं. ईआरसीपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाताना, ब्रश फिरवून घेतलेला नमुना 'निगेटिव्ह' आला, तरी कॅन्सर नाहीच असं समजू नका. त्या तपासणीतून बरेच कॅन्सर निसटतात. कॅन्सरच्या संशयात रक्तात तपासतात ते सीए १९-९ वाढलं म्हणून लगेच हातपाय गाळू नका. नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही ते वाढतं. आणि दुसरं मत घ्यायला जाताना फक्त रिपोर्टचा कागद आणू नका. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सीडी आणा.