पिंजऱ्यातलं झाड, पोटातलं झाड

नमस्कार श्रोतेहो. शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या पिंजऱ्यात कोणती झाडं लावावीत, हा आजचा विषय. आपल्या रानातला शॅमेलिऑन म्हणजे सरडगुहिरा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी आणायचं नाही. मी बोलतोय ते येमेन आणि सौदी अरेबियातल्या, डोक्यावर उंच तुरा असलेल्या जातीबद्दल. ती इथे पाळायची तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते.

हा प्राणी किड्यांबरोबर पानंही खातो. म्हणजे जे झाड पिंजऱ्यात, ते झाड पोटात. प्लास्टिकच्या वेली तर नकोतच. त्याही तो कुरतडतो आणि आतडं तुंबतं. (दिवाणखान्यातसुद्धा त्या धूळच खातात, पण ते असो.)

सगळ्यात सोयीचा आपला मनी प्लांट. चोरून आणला तरच लागतो म्हणतात. माझं म्हणणं, शेजारणीकडे फांदी मागा, तेवढीच लागते. तर हा मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. 1880 साली त्याचं बारसं झालं ‘पोथॉस’ म्हणून. वनस्पतीचं गोत्र बघायचं फुलावरून, आणि हा पठ्ठ्या फुलायलाच तयार नाही! 1962 साली एकदाचं फूल दिसलं. लगेच नाव बदललं, राफिडोफोरा. फूल आणखी निरखलं, तर ते एपिप्रेम्नम पिनॅटम या दुसऱ्या वेलीसारखं. मग त्याच्यातच घातलं. पुढे पानं आणि वाढायची ढब पाहून पुन्हा वेगळं काढलं: एपिप्रेम्नम ऑरियम. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद 1964 ची. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयारच होत नाही.

पण बाजारात जुनी नावं सुटली नाहीत. कुणी पोथॉस म्हणतं, कुणी डेव्हिल्स आयव्ही. नुसतं ‘आयव्ही’ मागितलंत, तर हातात इंग्लिश आयव्ही पडेल, आणि ती खरंच विषारी आहे. म्हणून नर्सरीत शास्त्रीय नाव विचारा. पुन्हा सांगतो, शास्त्रीय नाव विचारा. मनी प्लांटच्या पानातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मांजराचं तोंड त्याने चुरचुरतं. शॅमेलिऑनला मात्र थोड्या कुरतडण्याने सहसा काही होत नाही.

जास्वंद आणि शेफ्लेरा चालतात. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, डिफेनबाकिया अजिबात नको.

आता झाडापेक्षा मोठा धोका, कीटकनाशक. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळातून पानात भिनतं, धुऊन जात नाही. नवं झाड निदान दोन महिने बाहेर ठेवा, नवी पानं फुटू द्या. कुंडीतली माती पूर्ण झाडून मुळं धुवा. त्यात पांढरे परलाइटचे कण आणि खताच्या गोळ्या असतात. साध्या बागेच्या मातीत लावा आणि वर शॅमेलिऑनच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे पसरा. नाहीतर किडा टिपताना जिभेला माती चिकटते. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, कारण तो पाणी पितो ते पानावरचे थेंब.

दोन बाय दोन बाय चार फुटांच्या जाळीच्या पिंजऱ्यात दोन-तीन कुंड्या बसतात. पिंजऱ्यावरच्या उबेच्या दिव्याखाली शेंडा पोहोचू देऊ नका, पान करपतं. पाणी फवारल्यानंतर पानं सुकू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि जास्वंदीची फुलं तो आवडीने खातो, तेव्हा देवपूजेसाठी दुसरी कुंडी ठेवा.