आजीचा 'रानीचा बिल्ला'

बसा बसा, मागचे पुढं या, पंखा इकडंच चालते. तर हा तो बिल्ला. आमच्या घरी पदक वगैरे कोणी म्हणत नव्हतं. आजी म्हणायची, "हात नोको लावू त्याले, रानीनं देल्लं हाय तुह्या पणज्याले." आता राणी काही अचलपूर तालुक्यात आली नव्हती हे मला शाळेतच कळलं होतं, पण आजीसमोर बोलते कोण.

एका बाजूला रानडुक्कर, त्यावर तिरपा भाला. दुसऱ्या बाजूला एक झिजलेलं इंग्रजी अक्षर, मग ठळक टी.सी. गावात सगळ्यांचं एकच, पणजोबा रेल्वेत टीसी असतील. अरे बावा, टीसीच्या बिल्ल्यावर डुक्कर कशाला?

पहिले सोनाराकडे गेलो. जुना रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, हा जवळजवळ दोन रुपये भरला. कडेला भिंग लावलं तर बारीक शिक्के, एक नांगर अन् एक चालता सिंह. नांगर आपला वावरातला नाही, जहाजाचा. ती बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणाऱ्या ऑफिसची खूण, १७७३ पासूनची, तिथं समुद्र नाही तरी. सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के. सोबत वर्षाचंही अक्षर असते, दरवर्षी बदलते, तेवढं वाचता आलं असतं तर काम झालं होतं, पण आजी दर दिवाळीला चिंच अन् राख घेऊन बसायची, नेमकं तेच घासून गेलं. अन् गंमत पहा, राणीच्या बिल्ल्यावर राणीचंच डोकं नाही. १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून चांदीवर ते ठोकत, मग बंद झालं. म्हणजे बिल्ला बहुतेक त्यानंतरचा. बहुतेक म्हणतो, कारण काही बारक्या वस्तूंना तो कर माफच होता.

टी.सी. नं मात्र वर्षभर रडवलं. शेवटी डुकरानंच सांगितलं. घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारायचा साहेबांचा एक खेळ होता, पिगस्टिकिंग, अन् त्याच्या क्लबांना म्हणत टेंट क्लब. त्यांच्या स्पर्धांत मेरठकडचा कादिर कप सगळ्यात नावाजलेला. ज्याच्या भाल्यानं पहिलं रक्त काढलं, मान त्याचा, बाकीच्यांनी मग कितीही भोसकलं तरी. आपलं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामानं इंग्रजांच्या हवाली केलं, इथं हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या, इंग्रज अफसरांच्या फौजेची छावणी होती, म्हणजे साहेब होते, घोडे होते, अन् डुकरं तर काय, आजही माझ्या तुरीत लोळतात, क्लबवाले कोणी उरले असतील तर पाठवा.

इंग्रज अचलपूरला एलिचपूर म्हणत, म्हणून ते झिजलेलं अक्षर 'ई' आहे असं ठोकून द्यायचा लई मोह होते. पण भिंगाखाली दिसते फक्त एक उभी रेघ, अन् उभी रेघ 'बी'ला पण असते, 'एच'ला पण.

पणजोबा भाला घेऊन घोड्यावर बसले असतील हे काही मला पटत नाही. झुडपातून डुक्कर उठवायला हाकेवाले लागत, ते गावचेच. ही वरची कडी पहा, बाकी काम किती नाजूक अन् ही कशी जाड, आपल्याकडच्या सोनारानं डाग देऊन बसवलेली. हिच्यात काळा दोरा ओवून बिल्ला माझ्या बाबांच्या गळ्यात होता, लहानपणी, दृष्ट लागू नये म्हणून. आता साहेबानं खूश होऊन दिला, की जाताना विकला, की तंबू उठल्यावर गवतात घावला, हे आजीलाच माहीत, अन् ती तर राणीवरून हटलीच नाही.

घ्या, हातात घेऊन पहा, पुढं द्या. फक्त घासू नका.