एडविन सदरलँड : सत्तर कंपन्यांची गुन्हेनोंद

मंडळी, गुन्हेगारीशास्त्र शिकणाऱ्यांना एडविन सदरलँड हे नाव पहिल्याच सत्रात भेटतं. या माणसाची पीएचडी मात्र गुन्ह्यांवर नव्हतीच. जन्म 13 ऑगस्ट 1883चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गिबनचा. वडील बाप्टिस्ट पंथाचे, एका कॉलेजचे प्रमुख. घरातलं वातावरण कडक. त्याच ग्रँड आयलंड कॉलेजातून 1904 साली पदवी घेऊन त्यांनी लॅटिन, ग्रीक शिकवलं आणि 1906 साली शिकागो विद्यापीठ गाठलं. तिथे 1913 साली मिळालेल्या पीएचडीचा विषय होता बेरोजगारी आणि सरकारी रोजगार केंद्रं.

मग मिसुरीतल्या एका छोट्या कॉलेजात सहा वर्षं नुसतं शिकवणं; लेखन जवळजवळ नाहीच. 1918 साली मर्टल क्रूझ यांच्याशी लग्न झालं, पुढे एक मुलगी. 1919 साली इलिनॉय विद्यापीठात आले, तिथल्या विभागप्रमुखांनी 'गुन्हेगारीवर पाठ्यपुस्तक लिहा' म्हटलं आणि 1924 साली ते निघालं. हुकमावरून लिहिलेलं पुस्तक, पण पुढची सगळी वैचारिक वाढ त्याच्याच आवृत्त्यांमध्ये झाली. मिनेसोटा, शिकागो आणि 1935पासून इंडियाना असा नोकरीचा प्रवास. आवृत्त्या सुधारणं चालूच.

त्यांचा संगतीचा सिद्धांत 1939च्या आवृत्तीत सात मुद्द्यांत मांडलेला आहे, 1947च्या आवृत्तीत नऊ. गंमत म्हणजे आपण सिद्धांत मांडलाय हे त्यांना आधी ठाऊकच नव्हतं. हेन्री मॅके या सहकाऱ्याने 'तुमचा सिद्धांत' म्हटल्यावर 'कोणता?' असं त्यांनीच विचारलं. सार असं : गुन्हा जवळच्या माणसांकडून शिकला जातो. हात कसा चालवायचा हे शिकतात, आणि 'यात वावगं काय' हेही शिकतात. कायदा मोडण्याच्या बाजूचे विचार विरुद्ध बाजूच्या विचारांपेक्षा वरचढ झाले की माणूस घसरतो. घोडं अडतं ते मोजण्यात. माणसाच्या कानावर कोणत्या बाजूचं किती पडलं, याचा हिशेब कोण ठेवणार? ही अडचण सदरलँडनाही मान्य होती.

आता मुख्य काम. गरिबीमुळे गुन्हा होतो हे म्हणणं त्यांना पटत नव्हतं, कारण तुरुंगाच्या आकड्यांत श्रीमंत येतच नाहीत. 27 डिसेंबर 1939ला फिलाडेल्फियात अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारीचा, म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी आपला धंदा-व्यवसाय करताना केलेल्या गुन्ह्यांचा विषय काढला. दहा वर्षांनी पुस्तक आलं. अमेरिकेतल्या 70 बड्या कंपन्या घेतल्या, प्रत्येकीच्या हयातभरातले विरोधात गेलेले निर्णय जमवले. एकूण 980. एकही कंपनी सुटली नाही; कमीत कमी एक, जास्तीत जास्त 50, सरासरी 14. सर्वांत मोठा गट मक्तेदारी व व्यापारकोंडीचा, 307.

यातले फौजदारी न्यायालयांचे निर्णय फक्त 158, तेही 41 कंपन्यांविरुद्ध. म्हणजे दर कंपनीमागे जवळपास चार. अनेक राज्यांत चारदा शिक्षा झालेल्याला सराईत गुन्हेगार म्हणत, हे सदरलँड मुद्दाम लक्षात आणून देतात. बाकीचे निर्णय दिवाणी न्यायालयांचे आणि आयोगांचे. 1890चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदाच घ्या : त्याच कृत्यावर फौजदारी खटला भरता येतो, नाहीतर नुसता मनाई हुकूमही मागता येतो. सरकारने दुसरी वाट धरली की आरोपी आरोपीच्या पिंजऱ्यात उभाच राहत नाही. पॉल टॅपन या कायदेतज्ज्ञाने 1947 साली हरकत घेतली, की शिक्षा झाल्याशिवाय गुन्हेगार कसं म्हणायचं? हरकत वजनदार आहे. शिवाय पेटंटभंगाचे दावेही मोजल्यामुळे आकडा फुगला, असं मला वाटतं.

बदनामीच्या दाव्याच्या धास्तीने प्रकाशकांनी 1949 साली कंपन्यांची नावं काढायला लावली. सदरलँड 11 ऑक्टोबर 1950ला गेले. नावांसकट पुस्तक 1983 साली छापलं गेलं. आर्मर आणि स्विफ्ट या मांसप्रक्रिया कंपन्या 50-50 निर्णयांसह सर्वांत वर होत्या.

आपल्याकडे कोणाला अशी मोजणी करायची असेल, तर सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) आणि स्पर्धा आयोगाचे आदेश संकेतस्थळांवर मिळतात. तीन गोष्टी सांभाळा. अपिलात रद्द झालेला आदेश वगळा. एका आदेशात दहा नावं असली तरी आदेश एकच, तेव्हा आदेश मोजताय की कंपन्या, हे आधीच ठरवा. आणि आरोप मान्य वा अमान्य न करता पैसे भरून मिटवलेल्या प्रकरणांचा रकाना वेगळा ठेवा. सदरलँडनी तडजोडीही बेरजेत धरल्या होत्या. तुम्ही धरल्यात तर तसं ठळक लिहा, नाहीतर टॅपनचीच हरकत तुमच्यावर येईल.