फोटोच्या मागं लिहिलेलं

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात सातारा जिल्ह्यातल्या एका छायाचित्रकार ताईंनी केलेलं हे भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून. पडद्यावर दाखवलेल्या फोटोंमधल्या माणसांची नावं त्यांनी सभागृहात आवर्जून सांगितली होती. घरच्यांना विचारल्याशिवाय ती इथं देऊ नयेत, अशी त्यांची इच्छा असल्यानं वगळली आहेत.)

नमस्कार मंडळी.

मी वडूजची. तालुका खटाव, जिल्हा सातारा. वडील फोटोग्राफर होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आणि गिऱ्हाइकंही अण्णाच म्हणायची. त्यांचा स्टुडिओ बाजारपेठेत होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कारंजं. पुढं एक नक्षीची खुर्ची. खुंटीला एक कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय. तालुक्यातल्या किती नवरदेवांनी तो कोट घातला असेल, देव जाणे.

मी साधारण अकरा वर्षांची असतानाची गोष्ट आधी सांगते, कारण माझं सगळं काम त्या एका दुपारीत आहे.

दोघं भाऊ आले. दोघांची डोकी भादरलेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एका लग्नाचा ग्रुप फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला. थोरला म्हणाला, "अण्णा, आई गेली. तेराव्याला फोटो पायजे." हे काम अण्णांना रोजचंच होतं. बाईमाणसाचा एकटीचा फोटो तेव्हा घरात नसायचाच. माणूस गेलं की असा एखादा ग्रुप शोधून आणायचे. अण्णा त्यातला चेहरा कॉपी करून मोठा करायचे, अर्धा झाकलेला गाल ब्रशनं पुरा करायचे, लुगड्याचे काठ रंगवायचे.

त्यांनी भिंग काढलं आणि विचारलं, "यातली आई कुठली?"

थोरल्यानं तिसऱ्या रांगेतल्या एका बाईवर बोट ठेवलं. डोक्यावरनं पदर ओढलेला, मान वळलेली. धाकटा म्हणाला, "न्हाई दादा, ही मावशी हाय." थोरला म्हणाला, "येडा का तू? ही आईच." दोघं भिंगातनं आळीपाळीनं बघत राहिले. जिनं जन्म दिला, ती कुठली हे त्यांना ठरवता येईना. अण्णांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, मावशीलाच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मावशी आल्या. फोटो डोळ्याजवळ धरला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ही मीच हाय. तुमची आई ह्यात न्हाईच. ती आत चुलीपाशी हुती."

कुणीच काही बोललं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "अण्णा, माझा काडा. तोंडवळा एकच हाय दोघींचा." अण्णा घाबरले. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा? मावशी म्हणाल्या, "हार माझ्या बहिणीला पडंल. तुमी काडा."

अण्णांनी तो फोटो काढला. त्या घराच्या भिंतीवर तो आजही आहे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९३ मध्ये, निवडणूक आयोगानं फोटो असलेलं मतदार ओळखपत्र आणलं, आणि गावोगाव कॅमेरे गेले. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांचा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो तो. पुढं पुढं कुणी वारलं की घरचे ग्रुपऐवजी ते कार्ड घेऊन यायला लागले. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, काळपट फोटो. अण्णा तो मोठा करताना म्हणायचे, "सरकारनं तरी हिच्याकडं एकदा सरळ बघितलं."

मी ठरवलं ते तिथं. माणूस जिवंत असताना, त्याला सांगून, त्याच्याकडं सरळ बघून फोटो काढायचा, आणि त्याचं नाव लिहून ठेवायचं.

नाव लिहिणं हे मी अण्णांकडूनच घेतलं. त्यांची रजिस्टरं होती, लाल कापडी बांधणीची. अनुक्रमांक, तारीख, नाव, गाव, साईज, जमा, बाकी. बाकीचा रकाना बराच भरलेला. निगेटिव्हच्या पाकिटावर तोच क्रमांक, आणि प्रिंटच्या मागं जांभळ्या शाईचा शिक्का मारून परत तोच. मी फोटो काढायला शिकले यशिका कॅमेऱ्यावर, पण माझं खरं शिक्षण त्या रजिस्टरात झालं.

आता आपल्याकडच्या जत्रांबद्दल. साताऱ्याचं नाव काढलं की फोटो काढणाऱ्यांना आधी बावधनचं बगाड आठवतं. वाईजवळचं बावधन. होळीपौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात कौल लावून त्या सालचा बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस, ठरतो, आणि रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं. उंच शिडाला टांगलेला नवसाचा माणूस, खाली ठिकठिकाणी बदलत जाणाऱ्या बैलांच्या जोड्या, गुलाल, आणि "काशिनाथाचं चांगभलं". दृश्यच असं आहे की डोळे आपोआप वर जातात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या गर्दीत बाईला उभं राहायला जागा कोण देणार? एका काकूंनी हाक मारून मला त्यांच्या गच्चीवर घेतलं. तिथं शेजारपाजारच्या वीस-पंचवीस बायका. बगाड गावात शिरलं, सगळ्यांच्या माना वर, हात जोडलेले. एकटीच बाई खाली बघत होती. कठड्याला टेकलेली, पदराचा बोळा दोन्ही मुठींत धरलेला. मी कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "एका साली माझा पोरगा वर हुता. तवापासनं वर बघवत न्हाई. आन घरात बसवतबी न्हाई."

मग त्यांना विचारून मी तो फोटो काढला. तोच हा, पडद्यावरचा. यात बगाड कुठंच नाही. वरून पडलेली शिडाची सावली तेवढी कठड्यावर आहे. त्या दिवशी मी सहा रोल संपवले, त्यातले पाच बगाडाचे. ते पाच आता कुठल्या खोक्यात आहेत ते मला बघावं लागेल. हा एक मी कायम जवळ ठेवते.

म्हणून मला वाटतं की परंपरेचा फोटो काढायचा तर परंपरेच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा काढावा. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढतात, त्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण आदल्या रात्री गुडघ्याला तेल चोळत बसलेले कावडकरी फार कमी लोकांनी पाहिलेत.

दुसरी गोष्ट सांगलीकडची. मिरजेत सतारी आणि तंबोरे होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांची वर्दळ वाढली, आणि तलवारी घासणारे हात भोपळ्याकडं वळले. भोपळे पंढरपूरकडून येतात. गल्लीत शिरलं की लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येतो.

तिथं एका चाचांकडं मी तीन दिवस बसले. मी आपली हातांचे फोटो काढत होते. सुरकुतलेले हात, पटाशी, भुसा. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "ताई, हात तर सुताराचेपण असेच असतात. आमचं काम हितं असतं," आणि त्यांनी कानाच्या पाळीला बोट लावलं.

ते जवारी काढत होते. जवारी म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा असा घासायचा की तार तिला नुसती शिवत राहील आणि सूर झुणझुणत लांबेल. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं. नाही जमलं की तार उतरवायची, परत दोनदा कानस. एक केसभर जास्त घासलं गेलं की सूर मुका. ऐकताना चाचा डोळे मिटायचे, तोंड किंचित उघडं राहायचं आणि मान डावीकडं जायची. मी जागा बदलली आणि फक्त त्यांचा कान घेतला. कानावर भुशाचा एक कण, मागं धूसर तार. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, तो मीरासाहेबांचा दर्गा तिथून जवळच. चाचांनी हा फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्यात आवाज आहे." माझ्या कामाला इतकी मोठी दाद दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

एक दुःखही सांगते. माणदेशातल्या एका धनगर आजींचा मी फोटो काढला होता. दिवाळी उलटली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळ बिऱ्हाडांचा तांडा, मेंढरं घेऊन पाण्याच्या भागाकडं निघायचा. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, सकाळी बिऱ्हाड घोड्यावर. आजींच्या खांद्यावर घोंगडी होती, चिंचोक्याच्या खळीनं कडक केलेली, पाऊस वरून ओघळून जाणारी. त्या मला म्हणाल्या होत्या की त्यांच्या मेंढरांच्या लोकरीला आता कुणी विचारत नाही, कातरणीची मजुरी निघत नाही, लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. हे सगळं मी लिहून दिलं होतं. नाव, गाव, वय, घोंगडी कुणी विणली तेसुद्धा. एका मासिकानं फोटो पानभर छापला आणि खाली ओळ टाकली, "ग्रामीण महाराष्ट्रातील एक वृद्धा".

मला रडू आलं. अंक घेऊन आजींकडं जायचं धाडस झालं नाही.

इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड काढले होते. त्यात माणसं जातीजमातीनुसार लावलेली, आणि बहुतेक फोटोंखाली लिहिलंय ते जातीचं किंवा जमातीचं नाव. राज्य करायला तेवढं पुरत होतं. पण आपण आपल्याच आजीला "एक वृद्धा" म्हणायचं? तिचं नाव छापायला अशी किती शाई लागली असती?

तेव्हापासून माझा नियम असा. फोटो बाहेर जाण्याआधी त्याची प्रिंट त्या माणसाच्या घरी गेली पाहिजे. टपालानं नाही, मी स्वतः घेऊन जाते. एसटीनं, मोटरसायकलवर मागं बसून, कधी वाड्याच्या शोधात दोन तालुके पालथे घालून. नाव-गाव छापायची कबुली नसेल तर फोटोही द्यायचा नाही. यात काही कामं गेली. जाऊ देत.

फोटो परत गेला की काय होतं, ते एकदा कोईमतूरला बघितलं. आमच्या खटाव-माणचे, आणि विटा, आटपाडी, खानापूरकडचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विमानानं आलात, ते रेल्वेनं गेले, एवढाच फरक. तिथं एका दुकानात, भट्टीच्या वरच्या भिंतीवर, काजळी धरलेल्या काचेत एका बाईंचा फोटो. मागं रंगवलेलं कारंजं. मी मालकांना म्हटलं, दादा, जरा फ्रेम उतरवता का? मागचा पुठ्ठा काढला, आणि जांभळा शिक्का निघाला. अण्णांचा. खाली क्रमांक.

गावी आल्यावर मी रजिस्टर काढलं. नाव होतं, गाव होतं. आणि बाकीच्या रकान्यात दोन रुपये, पुढं अण्णांच्या अक्षरात, "मुलगा परदेशी चालला, घेऊ नये". तेव्हा आमच्याकडं कोईमतूरही परदेशच. मी ते पान फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ भट्टीचा आवाज तेवढा येत होता.

तुमच्याकडंही असे फोटो आहेत. निघताना आईनं बॅगेत घातलेले, नाहीतर वडिलांच्या माघारी घर आवरताना उचलून आणलेले. ते चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर हलक्या हातानं काढून घ्या, तो गोंद फोटो खातो. निघत नसतील तर ओढू नका, आहेत तसेच वरून फोटो काढून ठेवा. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढं चेहऱ्यावर उमटतो. आणि "आजी" एवढंच लिहू नका. कुणाची आजी? तिचं माहेर कुठलं? सासरी आल्यावर नाव बदललं का, आधीचं काय होतं? हे सांगणारं माणूस आज घरात असेल तर आज रात्रीच फोन करा, तिकडं सकाळ झालेली असेल.

आता माझं एक काम आहे तुमच्याकडं. अण्णांच्या एका रजिस्टरला वाळवी लागली आणि त्याची मधली पानं गेली. त्या पानांवरच्या एकोणीस फोटोंना आता नाव नाही. त्यांच्या प्रिंट मी बरोबर आणल्यात, चहाच्या टेबलाशेजारी मांडल्यात. त्यातला एक औंधच्या यमाईच्या जत्रेतला आहे. सात मुली, परकर-पोलकी, पुठ्ठ्याच्या विमानात दाटीवाटीनं बसलेल्या. डावीकडून दुसरीच्या भुवईवर खोक आहे. सगळ्यात धाकटीच्या हातात भिंगरी, आणि ती एकटीच कॅमेऱ्याकडं न बघता भिंगरीकडं बघतेय. या मुली आता साठी-सत्तरीत असतील. तुमच्यापैकी कुणाच्या आईच्या, मावशीच्या, सासूबाईंच्या भुवईवर तशी खूण असेल तर मला सांगा.

टेबलावर पेन्सिल ठेवली आहे.