डिनीन मास्तरांचा कोश

डोंगर म्हणावा तर फारशी उंची नाही, शेत म्हणावं तर पायाखाली चिखल. आयर्लंडच्या केरी परगण्यातला हा स्लीव लूक्रा. एगन ओ'राहिली, ओवेन रुआ ओ'सुलिव्हन हे आयरिश भाषेचे थोर कवी इथलेच. याच मुलखात, रथमोर गावाजवळ, १८६०च्या नाताळात पॅट्रिक डिनीन जन्मले. घरी आयरिश आणि शाळेत इंग्रजी, असा तो काळ.

१८८०मध्ये ते जेझुइट झाले, म्हणजे कॅथलिक पंथाच्या एका धर्मसंघात गेले. पदवी घेतली ती गणिताची! क्लोंगोज वुडच्या या भारदस्त शाळेत त्यांनी मुलांना शिकवलं. १९००मध्ये जेझुइट संघ सोडला, पण लोक त्यांना फादर डिनीनच म्हणत राहिले.

आता डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं हे राष्ट्रीय ग्रंथालय. वर घुमट, खाली घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलेलं वाचनदालन. मास्तरांचा मुक्काम इथेच असायचा. आधी त्यांनी गावाकडच्या त्या दोन कवींच्या कविता संपादित केल्या. मग लंडनच्या आयरिश टेक्स्ट्स सोसायटीसाठी आयरिश-इंग्रजी कोशाचं काम अंगावर घेतलं. जुनी हस्तलिखितं, छापील पुस्तकं, गावोगावच्या आयरिश बोलणाऱ्यांकडून आलेल्या शब्दांच्या याद्या आणि स्वतःच्या कानात बसलेली केरीची बोली, सगळं त्यात आलं.

हे पान जवळून बघा. शब्द गोलसर आयरिश लिपीत. शेजारी षष्ठीचं रूप, मग लिंग, मग इंग्रजी अर्थ. तेवढ्यावर भागत नाही. तो शब्द माणसं कशी वापरतात, कुठल्या म्हणीत येतो, तेही सांगायचं. एका शब्दाला इतके अर्थ, की पुढे डब्लिनच्या एका विनोदी स्तंभलेखकाने यथेच्छ टिंगल केली. करू दे. घरच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द कोशात आणायचा, तर त्याचे नखरेही आणावे लागतात.

१९०४मध्ये कोश निघाला. आणि १९१६चं हे डब्लिन: ब्रिटिश राजवटीविरुद्धचा ईस्टरचा उठाव, तोफा, जळून कोसळलेल्या इमारती. त्या आगीत कोशाच्या छपाईच्या प्लेट्सही गेल्या.

मास्तर पुन्हा कामाला लागले. कवी लियाम गोगन यांची मदत होती. १९२७ची ही वाढीव आवृत्ती तेराशेवर पानांची आहे; हातात धरली की मनगट दुखतं.

१९३४मध्ये डिनीन गेले. पुढे शुद्धलेखन बदललं, लिपी बदलली, नवे कोश आले. ओ'राहिलींची कविता वाचायला बसणारा मात्र अजूनही डिनीन उघडतो, हल्ली बहुतेक वेळा इंटरनेटवर.